रिकाम्या कॉम्प्युटरची वीज

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



2021 च्या जुलै महिन्यात अमेरिकेत एक बातमी वाऱ्यासारखी पसरली. कॅलिफोर्निया सरकारने गेम खेळायच्या कॉम्प्युटरवर बंदी घातली, अशी ती बातमी. निमित्त खरं होतं. डेल कंपनीच्या एलियनवेअर ऑरोरा या महागड्या डेस्कटॉपच्या काही प्रकारांपुढे सूचना झळकली होती, की कॅलिफोर्निया, कोलोराडो, हवाई, ओरेगन, व्हरमाँट आणि वॉशिंग्टन या सहा राज्यांत हे यंत्र पाठवता येणार नाही. कारण तिथले वीजवापराचे नियम. लोक खवळले. आज कॉम्प्युटर, उद्या टीव्ही, परवा स्वयंपाकघर. माझ्या पैशाने मी घेतलेल्या यंत्रात सरकार नाक का खुपसतंय, असा सूर सगळीकडून उमटला.

मला आज या रागाबद्दल बोलायचं आहे. तो राग चुकीच्या गोष्टीवर निघाला, असं माझं मत आहे. पण राग करणारी माणसं मूर्ख होती, असं मी मुळीच मानत नाही. सरकारच्या वीजबचतीच्या घोषणांवर लोक विश्वास का ठेवत नाहीत, याला पन्नास वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा दोष लोकांकडे जात नाही.

आधी नियम काय होता ते पाहू. कॅलिफोर्निया एनर्जी कमिशनने 2012 मध्ये या कामाला हात घातला आणि डिसेंबर 2016 मध्ये नियम मंजूर केले. डेस्कटॉपसाठी पहिला टप्पा 1 जानेवारी 2019 ला लागू झाला, दुसरा, अधिक कडक टप्पा 1 जुलै 2021 ला. आता यातली कळीची गोष्ट ऐका. गेम चालू असताना यंत्र किती वीज खातं, हे हा नियम मोजतच नाही. तो मोजतो चार अवस्था: यंत्र बंद असताना, झोपलेलं असताना, आणि चालू पण रिकामं असताना, त्यातही थोडा वेळ रिकामं आणि बराच वेळ रिकामं असे दोन प्रकार. म्हणजे माणूस फोनवर बोलत बसला आहे, जेवायला उठला आहे, आणि यंत्र जागं राहून त्याची वाट पाहतंय, त्या वेळची वीज. दुसऱ्या टप्प्यात वर्षाची मूळ मर्यादा यंत्राच्या विस्तारक्षमतेनुसार, म्हणजे त्यात आणखी भाग जोडायला किती वाव आहे त्यानुसार, 50, 60 किंवा 75 युनिट ठरली. ग्राफिक्स कार्ड, जास्तीची मेमरी यांसाठी त्यावर वेगळी सूट. फार मोठी विस्तारक्षमता असलेल्या यंत्रांना काही अटींवर नियमातूनच वगळलेलं. आणि नियम तयार कॉम्प्युटर विकणाऱ्यांसाठी होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जसे सुटे भाग घेऊन आपण कॉम्प्युटर असेंबल करून घेतो, तसे भाग घेऊन घरी जोडणाऱ्याला त्याने हातही लावला नाही. जुनं यंत्र कुणाच्या टेबलावरून उचलून नेलं नाही.

रिकामेपणाची वीज एवढी महत्त्वाची का? साधा हिशेब करू. एखादा डेस्कटॉप रिकामा असताना 50 वॉट घेतो आणि दुसरा 25 वॉट. दिवसाला आठ तास दोन्ही असेच नुसते चालू राहिले, तर वर्षाचा फरक 73 युनिटांचा. एका घराला हा आकडा किरकोळ वाटेल. राज्यभरातल्या लाखो यंत्रांना मिळून तो किरकोळ राहत नाही. कमिशनचा अंदाज होता, की कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून कॅलिफोर्नियातल्या घरगुती विजेचा 3 टक्क्यांपर्यंत आणि व्यापारी विजेचा 7 टक्क्यांपर्यंत वाटा खातात. नियम पूर्णपणे लागू झाल्यावर वर्षाला सुमारे 233 कोटी युनिट आणि 37 कोटी 30 लाख डॉलर वाचतील, असंही त्यांनी मांडलं. डेस्कटॉपमागे खर्च वाढेल साधारण 10 डॉलर, आणि पाच वर्षांत ग्राहकाचे 40 डॉलरहून अधिक वाचतील.

ही वीज नेमकी कुठे गळते? बरीचशी आपण ज्याला एसएमपीएस म्हणतो त्या डब्यात. हा डबा साधारण अर्ध्या भारावर सगळ्यात चांगला चालतो. आता 750 वॉटचा डबा आणि रिकाम्या यंत्राची गरज 50 वॉट, म्हणजे जेमतेम सात टक्के भार. इतक्या कमी भारावर त्याची कार्यक्षमता कोसळते आणि वीज उष्णता होऊन निघून जाते. 2004 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ‘80 प्लस’ ही प्रमाणपत्राची योजनाही मुळात 20, 50 आणि 100 टक्के भारावरच कार्यक्षमता तपासत होती. खालचा प्रदेश मोकळाच होता. इंटेलने 2020 मध्ये फक्त 12 व्होल्टवर चालणाऱ्या एसएमपीएसचा नवा आराखडा पुढे आणला, त्यामागे असे नियम हे एक कारण होतं. इंजिनिअरांना हे आधी जमत नव्हतं असं नाही. लॅपटॉपमध्ये ते वर्षानुवर्षं करतच होते, कारण तिथे बॅटरी लगेच हिशेब मागते. भिंतीतल्या प्लगपाशी तसा हिशेब मागणारं कुणी नव्हतं. कॉम्प्युटर घेताना रिकाम्या अवस्थेतल्या वॉटांची चौकशी आपल्यापैकी कुणी केली आहे का? दुकानदाराला तो आकडा ठाऊकही नसतो. म्हणूनच इथे नियमाला जागा आहे, असं मला मनापासून वाटतं.

मग लोकांचा विश्वास का बसत नाही?

1992 पासून सुरुवात करू. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ‘एनर्जी स्टार’ हे लेबल आणलं, आणि त्याखाली आलेल्या पहिल्या वस्तू होत्या कॉम्प्युटर आणि मॉनिटर. अट सोपी होती: यंत्र काही वेळ वापरलं नाही, तर त्याने आपणहून 30 वॉट किंवा त्याखाली यायचं. एप्रिल 1993 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढला, की केंद्र सरकारने असेच कॉम्प्युटर विकत घ्यावेत. एवढं मोठं गिऱ्हाईक मिळाल्यावर कंपन्या भराभर लेबल लावू लागल्या. कागदावर सगळी यंत्रं झोपायला शिकली. प्रत्यक्षात झोपलेलं यंत्र नेटवर्कवरून तुटायचं, कधी जागंच व्हायचं नाही, काम अर्ध्यावर अडकायचं. लोकांनी ती सोय बंद करून टाकली. कित्येक ठिकाणी ती कधी चालूच केली नव्हती. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेचे संशोधक पुढे लोक घरी गेल्यानंतर कार्यालयांत फिरले आणि टेबलं मोजत गेले. बहुतेक डेस्कटॉप चालूच होते, आणि झोपलेले फारच थोडे. लेबल मात्र चिकटलेलं.

याहून वाईट 2010 मध्ये उघड झालं. अमेरिकी संसदेची हिशेब तपासणारी संस्था, जीएओ, हिने खोट्या कंपन्यांच्या नावाने 20 बनावट वस्तू एनर्जी स्टारसाठी दाखल केल्या. 15 मंजूर झाल्या. त्यांत पेट्रोलवर चालणारं गजराचं घड्याळ होतं. हवा शुद्ध करणारं म्हणून दाखवलेलं एक यंत्र होतं. चित्रात तो खोली गरम करायचा हीटर होता आणि त्याला पिसांचं झाडणं चिकटवलेलं होतं. तेही मंजूर. लोकांच्या शंकेला इतका सज्जड पुरावा क्वचितच मिळतो. पण पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. त्यानंतरच, 2011 पासून, बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून चाचणी आणि प्रमाणपत्र सक्तीचं झालं. आज त्या लेबलात जो काही अर्थ उरला आहे, तो या तपासणीने दिलेला आहे.

शंका फक्त सामान्य माणसांना होती असंही नाही. ती अभ्यासकांनाही होती, पण ती समजायला आधी थोडं मागे जायला हवं. कॅलिफोर्नियाच्या वीजबचतीचे जनक मानले जातात ते आर्थर रोझेनफेल्ड, एन्रिको फर्मींचे विद्यार्थी, कणभौतिकीतले शास्त्रज्ञ. 1973 च्या तेलटंचाईत त्यांनी आपला विषयच बदलला. पुढच्याच वर्षी, रोनाल्ड रेगन गव्हर्नर असताना, एनर्जी कमिशनचा कायदा झाला. फ्रिजपासून सुरुवात झाली. 1970 च्या दशकात अमेरिकी फ्रिज वर्षाला 1800 युनिटांच्या आसपास खायचा. आज त्याहून मोठा फ्रिज 500 युनिटांच्या आसपास भागवतो. कॅलिफोर्नियाचा दरडोई वीजवापर तेव्हापासून जवळपास सपाट राहिला, बाकी देशाचा निम्म्याने वाढला. हा आलेख जगभर दाखवला गेला. आणि मग जॉर्जटाऊन विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ आरिक लेव्हिन्सन यांनी विचारलं, की यातलं श्रेय नियमांचं किती आणि सौम्य हवेचं, लोकसंख्येच्या बदलांचं किती? 2016 मध्ये त्यांनी घरांच्या खऱ्या बिलांवरून तपासलं, तर कडक बांधकाम नियमांनंतर बांधलेली घरं आधीच्या घरांपेक्षा कमी वीज वापरतात असं त्यांना दिसलं नाही. नियम करताना वर्तवलेली बचत मोठी होती.

फ्रिजचं यश खरं आणि घरांचं अपयशही खरं, हे दोन्ही मी एकत्र का सांगतोय? कारण त्यातून कॉम्प्युटरविषयी काहीतरी कळतं. फ्रिजची बचत यंत्राच्या पोटात आहे, माणसाला काहीच करावं लागत नाही. घराची बचत बांधणाऱ्याच्या हातावर आणि राहणाऱ्याच्या सवयींवर अवलंबून. 1992 चा कॉम्प्युटर घरासारखा होता: माणसाने सोय चालू ठेवली तर बचत. 2021 चा नियम फ्रिजसारखा आहे. यंत्र जागं असतानाच कमी खातं, कुणालाही झोपवायला लागत नाही. अर्थशास्त्रज्ञ स्टॅन्ले जेव्हन्स यांनी 1865 मध्ये कोळशाबद्दल दाखवलं होतं, की यंत्र काटकसरी झालं की लोक ते जास्त वापरतात आणि बचत खाऊन टाकतात. तो धोका इथे फार कमी, कारण रिकामा कॉम्प्युटर स्वस्त पडतो म्हणून कुणी तो मुद्दाम जास्त वेळ रिकामा ठेवत नाही. माझ्या मते हा नियम चांगला बेतलेला आहे, आणि म्हणूनच तो ‘गेमवर बंदी’ म्हणून गाजला याचं मला वाईट वाटतं.

भीती उलट्या बाजूनेही पसरवली जाते. 1999 मध्ये ‘फोर्ब्स’ने एक लेख छापला. पीटर ह्यूबर आणि मार्क मिल्स यांचा दावा होता की इंटरनेटच अमेरिकेची 8 टक्के वीज खातंय आणि काही वर्षांत कॉम्प्युटर मिळून निम्मी खातील; तेव्हा कोळसा खणा. हा आकडा बँकांच्या अहवालांत, संसदेच्या सुनावण्यांत फिरला. बर्कलीच्या जोनाथन कूमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्र-यंत्र मोजून दाखवलं, की कार्यालयांतली आणि नेटवर्कची सगळी उपकरणं धरूनही वाटा 2 ते 3 टक्क्यांच्या घरात आहे. तो आकडा खोडून काढायला वर्षं लागली. शंका घ्यायची, तर ती अशा आकड्यांवरही तितकीच घ्यायला हवी.

आपल्याकडेही हा अविश्वास परका नाही. 2024 मध्ये महाराष्ट्रात प्रीपेड स्मार्ट मीटरला घराघरातून विरोध झाला आणि सामान्य घरगुती ग्राहकांना ते बसवणार नाही, असं सरकारला जाहीर करावं लागलं. मीटर बरं की वाईट, या वादात मी आज शिरत नाही. पण बचत कुणाची, खर्च कुणाचा आणि मोजणार कोण, या प्रश्नांची उत्तरं आधी दिली गेली नाहीत, तर कुठलंही यंत्र लोकांना पाळत ठेवायला आल्यासारखं वाटतं. ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारे आपण फ्रिजवर आणि एसीवर पाहतो. लॅपटॉपसाठीही तशी योजना आहे, ऐच्छिक. डेस्कटॉप घेताना आपल्यापुढे यातलं काहीच येत नाही.

आज सगळ्यात जोरदार शंका वेगळीच आहे, आणि ती मला सगळ्यात न्याय्य वाटते. बर्कली प्रयोगशाळेने डिसेंबर 2024 मध्ये सांगितलं, की अमेरिकेतल्या डेटा सेंटरनी 2023 मध्ये देशाची 4.4 टक्के वीज वापरली, आणि 2028 पर्यंत तो वाटा 6.7 ते 12 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. मग माणूस विचारतो: एकेका इमारतीत एका शहराएवढी वीज चालली आहे, आणि तुम्ही माझ्या टेबलाखालच्या 50 युनिटांमागे का लागला आहात? याला ‘तुमची 50 युनिटंही मोलाची आहेत’ हे उत्तर पुरेसं नाही. खरं उत्तर एकच असू शकतं. घरच्या डेस्कटॉपला जसं अवस्थेनुसार मोजलं, जाहीर यादीत टाकलं, मर्यादा घातली, तसंच त्या इमारतींनाही मोजा. किती सर्व्हर काम करतायत आणि किती नुसते चालू आहेत, हे उघड्यावर मांडा. लहानाला पट्टी लावायची आणि मोठ्याला सवलत, असं दिसत राहिलं, तर घरातल्या माणसाने सहकार्य का करावं?

आणि कॅलिफोर्नियाकडून माझी आणखी एक अपेक्षा आहे. 233 कोटी युनिट हा नियमाआधीचा अंदाज आहे. दुसरा टप्पा लागू होऊन आता वर्षं उलटली. काही हजार घरांत, लोकांच्या संमतीने, प्लगपाशी मीटर लावून जुनी आणि नवी यंत्रं शेजारी-शेजारी मोजायला हवीत. ते मोजमाप लेव्हिन्सन यांच्यासारख्या शंकेखोर अभ्यासकाच्या हाती द्यायला हवं, आणि निकाल काय येईल तो छापायला हवा. बचत अंदाजाच्या निम्मी भरली तर निम्मी सांगा. हे काम अवघड नाही. बर्कलीच्या लोकांनी त्याच राज्यात कार्यालयांत टेबलाटेबलाशी जाऊन मोजणी एकदा करून दाखवलेली आहे.