हृदयरोग्याची घरची शुश्रूषा
(सुवर्णमहोत्सवी कुटुंबमेळाव्यांत धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या ह्या मेळाव्यांत आम्हीं धर्मग्रामाचा इतिहास सांगावा, अशी चिटणिसांची इच्छा होती. परंतु तो इतिहास आमच्याहून अधिक जाणणारे वृद्ध समोर बसलेले आहेत, आणि त्यांच्यादेखत तो सांगण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठीं आम्ही घरोघर जातों, तेव्हां जें दृष्टीस पडतें त्याविषयीं मात्र चार शब्द बोलण्याचा आम्हांस थोडाबहुत अधिकार आहे. हृदयाचा विकार, रक्तदाब, मधुमेह, पक्षाघात हीं दुखणीं आतां शहरापुरतीं राहिलेलीं नाहींत. आपल्या प्रत्येक आळींत त्यांचा वास आहे. अशा रोग्याचे थोडे दिवस रुग्णालयांत जातात आणि पुढचीं कित्येक वर्षें घरीं जातात. त्या वर्षांची शुश्रूषा कोणीं करावयाची व कशी करावयाची, हा आजचा विषय. आम्ही वैद्य नव्हे. जें सांगूं तें डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजीं म्हणून नसून, तो सल्ला घराच्या उंबरठ्याच्या आंत टिकावा म्हणून आहे.

शुश्रूषा म्हणजे हलकें काम, हा समज आपल्यांतून अजून गेलेला नाहीं. ग्रानादा येथें रुग्णालय काढणारे, देवाचे योहान ह्या नांवानें प्रसिद्ध असलेले संत आणि रोमचे संत कामिल्लस, ह्या दोघांस पोप तेरावे लिओ ह्यांनीं १८८६ सालीं आजाऱ्यांचे व रुग्णालयांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केलें. १९३० सालीं पोप अकरावे पायस ह्यांनीं शुश्रूषा करणाऱ्यांसही त्यांच्याच हवालीं केलें. कामिल्लस ह्यांच्या पायाला तरुणपणापासून न भरणारी जखम होती. आजारी माणसाला काय हवें असतें हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं १८५९ सालीं शुश्रूषेवर जें लहानसें पुस्तक लिहिलें, तेंही मुळांत परिचारिकांसाठीं नव्हतें. घरच्या माणसांच्या प्रकृतीचा भार ज्यांच्यावर असतो अशा साध्या स्त्रियांसाठीं होतें. असो.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसास अंथरुणावरून हलूं देऊं नये, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे, आणि तिला अडाणीपणा म्हणण्याचें कारण नाहीं. एके काळीं ती मोठमोठ्या डॉक्टरांचीच होती. रोग्यास चारसहा आठवडे निजवून ठेवीत. घांस परिचारिकेनें भरवावयाचा, कूसही तिनेंच बदलावयाची. अशा पडून राहण्यानें पायांच्या शिरांत रक्त गोठे, तें फुफ्फुसांत जाऊन अडके, आणि ज्याचें हृदय सांवरत होतें असा माणूस त्या विश्रांतीनेंच दगावे. बोस्टन येथील डॉ. सॅम्युएल लेव्हाइन व त्यांचे शिष्य डॉ. बर्नार्ड लाउन ह्यांनीं अशा रोग्यांस लौकरच खुर्चींत बसविण्यास आरंभ केला. बरोबरीच्या डॉक्टरांस तें मुळींच रुचलें नाहीं. १९५२ सालीं त्यांनीं आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि पुढें हळूहळू रीत बदलली. म्हणून डॉक्टरांनीं ‘ह्यांना रोज थोडें चालवा’ असें सांगितलें असतां, पुत्रप्रेमानें बापाचा हात धरून त्यास पुन्हां खाटेवर बसविणें ही सेवा नव्हे. किती चालावें, जिना केव्हां चढावा, हें विचारून घ्यावें आणि तेवढें करवून घ्यावें.

आतां अशक्त झालेल्या हृदयाविषयीं थोडें विस्तारानें बोलूं. कारण घरच्या शुश्रूषेचा कस येथेंच लागतो. वाडींतल्या विहिरीवरचा रहाट ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हें सांगणें सोपें आहे. रहाट मंद चालला म्हणजे पुढें पाटाला पाणी कमी जातें आणि मागें विहीर भरलेली राहते. हृदयाचें तसेंच होतें. पुढें रक्त कमी जातें म्हणून थकवा येतो; मागें पाणी तुंबतें म्हणून पाय सुजतात, पोट जड होतें, आणि तें फुफ्फुसांत सांठलें म्हणजे दम लागतो. हें पाणी डोळ्यांस दिसण्यापूर्वीं वजनाच्या काट्यावर दिसतें. रोज सकाळीं लघवीस जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वीं, सारख्याच कपड्यांत वजन करावें आणि तें वहींत लिहावें. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढलें, तर तें अंगीं लागलेलें अन्न नव्हे, पाणी होय. त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें. ‘अलीकडे बाबांची तब्येत सुधारली, वजन भरलें’ असें आनंदानें सांगणारीं माणसें आम्हांस भेटलीं आहेत, आणि खालीं पाहावें तों बाबांच्या घोट्यावर बोट दाबलें असतां खळगा तसाच राहिलेला!

दुसरी खूण उशांची आहे. जो माणूस एका उशीवर निजत होता तो दोन मागूं लागला, दोनांच्या तीन झाल्या, मध्यरात्रीं उठून खिडकीशीं बसूं लागला, तर ती म्हातारपणाची झोपमोड अथवा कफ समजूं नये. आडवें होतांच फुफ्फुसांवर पाण्याचा भार येतो, म्हणून तो उठतो. अशा वेळीं त्यास निजण्याचा आग्रह करूं नये. पाठीला आधार देऊन, पाय खालीं सोडून बसवावें आणि मदत बोलवावी. उशा कोण मोजतें? घरांत जी अंथरूण घालते ती. डॉक्टरांच्या खोलींत मात्र तिला बाहेर बसवितात आणि मुलगा आंत जाऊन ‘सगळें ठीक आहे’ म्हणून सांगतो.

मिठाची गोष्ट काढतांना आम्ही वसईकरांच्या दुखऱ्या जागीं बोट ठेवीत आहों, हें आम्हांस ठाऊक आहे. निरोगी माणसानेंही दिवसाला पांच ग्रॅमांहून कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरही नव्हे, एवढेंच मीठ खावें असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. हृदयरोग्याच्या कालवणांत मीठ कमी घातलें आणि ताटाच्या कडेस सुक्या बोंबलाची चटणी, आंब्याचें लोणचें व भाजलेला पापड ठेवला, तर त्या कालवणाच्या अळणीपणाचा उपयोग काय? सुकट, खारा मासा, पुडीतले चिवडे ह्यांत मीठ लपून येतें. चिंच, कोकम, लिंबू, लसूण, मिरी ह्यांनीं चव आणावी; आपल्या सुगरणींस तें शिकवावें लागणार नाहीं. बाजारांत ‘हृदयासाठीं चांगलें’ म्हणून मिळणाऱ्या मिठांत पोटॅशियम असतें. मूत्रपिंड दुबळें असलें किंवा रक्तदाबाच्या कांहीं गोळ्या चालूं असल्या, तर तें अपायकारक ठरूं शकतें. विचारल्याशिवाय घेऊं नये. पाणी किती प्यावें हेंही डॉक्टरांनींच सांगावयाचें, शेजारणीनें नव्हे.

लघवीची गोळी सकाळीं द्यावी, म्हणजे रात्रीची झोप मोडत नाहीं. लग्नाला किंवा सणाला जावयाचें म्हणून पुष्कळ बाया त्या दिवशीं ती गोळी घेतच नाहींत. त्यांची अडचण खरी आहे, आपल्या मंडपांत स्त्रियांची सोय काय असते हें आम्ही पाहतों; पण गोळी गाळण्यापेक्षां तिची वेळ बदलतां येईल काय, हें डॉक्टरांस विचारावें. तसेंच गुडघेदुखीसाठीं औषधाच्या दुकानांतून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या शरीरांत पाणी धरून ठेवतात. हृदयरोग्यास त्या वैऱ्यासारख्या. आणि ‘आतां बरें वाटतें’ म्हणून औषध बंद करणें, हा तर आमच्या अनुभवांतला सर्वांत सार्वत्रिक अपराध. औषधानें बरें वाटतें, म्हणून औषध बंद! रक्तदाब दुखत नाहीं, म्हणून त्यास कोणी भीतही नाहीं.

सांधेज्वरानें ज्यांच्या हृदयाची झडप बिघडली आहे, अशीं तरुण माणसें आपल्यांत आहेत. घशाच्या साध्या दुखण्यांतून हा ज्वर येतो, सांधे धरतो, सांधे बरे होतात आणि झडप दुखावलेली राहते. त्यांना दर तीनचार आठवड्यांनीं पेनिसिलिनचें इंजेक्शन वर्षानुवर्षें घ्यावें लागतें. मुलीचें लग्न ठरतांना हें लपविण्याकडे आईबापांचा कल असतो. आम्ही स्पष्ट सांगतों: सासरीं तें कळलेंच पाहिजे, कारण बाळंतपणांत अशा हृदयावर मोठा ताण पडतो आणि डॉक्टरांस तें आधीं ठाऊक असावें लागतें.

आतां झटक्याविषयीं. छातीच्या मध्यभागीं दाबल्यासारखें दुखणें, तें जबड्यांत, हातांत किंवा पाठींत जाणें, घाम सुटणें, ह्या खुणा सर्वांस ठाऊक आहेत. तरीही आपल्याकडे पहिला तास सोडा, आलें व ओवा ह्यांवर जातो. स्त्रियांस व मधुमेह्यांस तर कधीं कधीं छातीत दुखतही नाहीं. नुसता दम, मळमळ, विलक्षण थकवा. तोंड एकीकडे वांकडें होणें, हात गळणें, बोबडी वळणें, ह्या पक्षाघाताच्या खुणा. त्यांतही रक्ताची गांठ विरघळविण्याचें औषध साधारण साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें.

येथें एक हकीकत सांगण्याजोगी आहे. १९६२ च्या सुमारास अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें डॉ. लॉरेन्स मेल्टझर ह्यांच्या हृदयरोग्यांच्या कक्षांत असें दिसून आलें, कीं हृदयाची लय एकाएकीं बिघडली म्हणजे हातीं अवघीं कांहीं मिनिटें असतात, आणि डॉक्टर धांवत येईपर्यंत तीं निघून जातात. खाटेशीं चोवीस तास असते ती परिचारिका. विजेचा धक्का देणें हें त्या काळीं डॉक्टरांचें काम. तिनें हात लावावयाचा नाहीं. मेल्टझर व परिचारिका रोझ पिनिओ ह्यांनीं परिचारिकांस लय ओळखावयास शिकविलें आणि तो धक्का स्वतः देण्याची मोकळीक दिली. अधिकार जागेवर असलेल्या हातांत आला आणि माणसें वांचलीं.

आमच्या घरांत काय घडतें? सासरे घामाघूम होऊन बसलेले असतात, सून समजते काय चाललें आहे तें, आणि ती नवऱ्याला फोन करिते. नवरा चर्चगेटला असतो. तो म्हणतो, ‘मी येतों, तोंवर थांब.’ विरारची गाडी पकडून तो येईपर्यंत हृदयाचा एक भाग मरून गेलेला असतो. बंधूंनो, आम्ही आज ह्या व्यासपीठावरून एकच मागणें मागतों: १०८ ह्या क्रमांकावर फोन करण्यास तुमच्या घरांतल्या बाईला कोणाची परवानगी लागूं नये. ही सेवा २०१४ सालापासून महाराष्ट्रांत आहे. खर्चाची, रुग्णालयाच्या निवडीची चर्चा आजच जेवतांना करून ठेवा. कपाटाची किल्ली आणि औषधांची यादी तिच्या हातीं द्या. माणूस कोसळला, हांकेला ओ देत नाहीं, श्वास नाहीं, तर छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेंवीस वेळां जोरानें दाबावें, मदत येईपर्यंत थांबूं नये. हें कोणालाही शिकतां येतें.

बाकीचें थोडक्यांत. अंथरुणास खिळलेल्याची कूस साधारण दोन दोन तासांनीं बदलावी. टांचा व माकडहाड रोज पाहावें. लाल झालेली जागा चोळूं नये. पक्षाघात झालेल्यास सरळ बसवून, लहान घांसांनीं भरवावें. गिळतांना ठसका लागत असेल तर भरवणें थांबवून डॉक्टरांस विचारावें. मधुमेह्यास एकाएकीं घाम सुटून भ्रम झाल्यासारखें वाटलें तर तीन चमचे साखर पाण्यांतून द्यावी. शुद्ध नसेल तर तोंडांत कांहींच घालूं नये. उपवासकाळांत आमच्याकडे येऊन ‘फादर, गोळ्या घेऊन उपास मोडला काय?’ असें विचारणाऱ्या आज्या आहेत. उपवासाचा नियम वयाच्या साठाव्या वर्षांत पाऊल टाकतांच सुटतो, आणि आजाऱ्यावर तो कोणत्याही वयांत नाहीं.

१९८३ सालच्या धर्मसभेच्या कायद्यांत एक लहानसें कलम आहे. ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वीं एक तास कांहीं खाऊं नये हा नियम वृद्धांस व आजाऱ्यांस लागूं नाहीं. आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांसही नाहीं. ज्यांनीं तें लिहिलें त्यांस ठाऊक होतें, कीं रात्रभर जागलेल्या बाईला सकाळीं चहा केव्हां मिळेल ह्याचा नेम नसतो. आजाऱ्यास एकटें टाकतां येत नाहीं म्हणून रविवारची मिस्सा चुकली, तर तिनें तें पाप म्हणून आमच्याकडे आणूं नये. आणि ज्या शेजारणी तिच्या गैरहजेरीची चर्चा करितात, त्यांनीं तिला पाठवून स्वतः त्या खाटेशीं एक तास बसावें.

शेवटीं आमच्या कामाविषयीं. ‘फादर आले म्हणजे बाबा घाबरतील’ म्हणून आम्हांस अगदीं शुद्ध हरपल्यावर बोलावितात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालींच सांगितलें, कीं हा संस्कार केवळ मरणाच्या दारीं असलेल्यांचा नव्हे; त्याला आजाऱ्यांचा अभ्यंग म्हणणें अधिक योग्य. हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीं, दुखणें गंभीर झालें कीं लगेच, रोग्याला स्वतः प्रार्थना म्हणतां येत असतांनाच, आम्हांस बोलवा. शुद्धीवर असलेल्या माणसास आपल्या भीतीविषयीं पुष्कळ बोलावयाचें असतें, आणि घरच्यांपुढें तो बोलत नाहीं.

ज्या घरीं असा रोगी आहे त्यांना आठवड्यांतून दोन तास सुटका मिळावी, म्हणून प्रत्येक आळींत बसावयास जाणाऱ्यांची यादी आम्ही करीत आहों. नांवें मेळावा संपल्यावर सॅक्रिस्टींत लिहून घेतलीं जातील. पुरुषांसाठीं वेगळा कागद ठेवला आहे. तो कोरा परत येऊं नये.