घरांतील मांजर

मांजराविरुद्ध घरोघरीं दोन तक्रारी ऐकूं येतात. पहिली नख्यांची, ती हलकी आहे. नख्यांवरचें जुनें कवच काढण्यासाठीं व आपला वास ठेवण्यासाठीं मांजर गादी ओरबाडतें. गादीशेजारींच काथ्या गुंडाळलेला, न हलणारा उंच ओंडका उभा करावा.

दुसरी तक्रार केंसांची. मांजराचे केंस पोटांत गेल्यानें दमा होतो, ही समजूत आमच्या गंगापुरांत दृढ आहे. केंस बिचारे निमित्तमात्र! बाधतें तें लाळेंतील व त्वचेंतील एक प्रथिन. मांजर अंग चाटतें, लाळ वाळते, आणि कोंड्याबरोबर तें हवेंत तरंगतें. माझ्या नातवास धाप लागूं लागली तेव्हां, मांजर पोत्यांत घालून कायगांवास गोदाकांठीं सोडून या, असा सल्ला मिळाला. परंतु मांजर गेल्यावरही तें प्रथिन गाद्यागोधड्यांत कित्येक महिने राहतें. म्हणून आधीं नातवाच्या निजण्याच्या खोलींत मांजरास मज्जाव केला, गोधड्या कढत पाण्यांत धुतल्या, कोरड्या केरसुणीऐवजीं ओलें फडकें धरिलें. मांजरास विंचरणें ओसरीवर, तो शाळेंत गेल्यावर. धाप कमी झाली आहे, थांबलेली नाहीं. औषध चालू आहे. डॉक्टरांनीं सांगितल्यास मांजरासाठीं ओळखीचें घर पाहावें लागेल; तें नातवासही सांगून ठेविलें आहे.