उधारीच्या वहीतला खेळाडू

१५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस आता महाराष्ट्राचा क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. आमच्या कराडजवळचंच त्यांचं गोळेश्वर. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्या पदकामागचा हिशेब मात्र भाषणांत घाईघाईनं उरकला जातो. प्रवासाला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं केली, पैसे जमवले आणि ते घर सोडवून दिलं. म्हणजे देशाचं हे पहिलं पदक उधारीवर आलं, आणि उधारी फिटलीसुद्धा.

क्रीडासाहित्याच्या दुकानांवर बोलणार म्हटल्यावर आमच्या घरात थोडी हसाहशी झाली. कवीनं कवितेवर बोलावं, फार तर पावसावर. पण गेली काही वर्षं कराडच्या बाजारपेठेतून जाताना मला या दुकानांची काळजी वाटते, आणि काळजीला विषयाचं बंधन नसतं.

खाशाबांच्या काळात असं दुकान लागतच नव्हतं. लंगोट शिंपी शिवायचा, मुद्गल सुतार घडवायचा, आखाड्याच्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद मिसळली की झालं. आज कुस्ती मॅटवर गेली. मॅटवर वेगळे बूट लागतात. कबड्डीही मॅटवर गेली. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून खेड्यातल्या पोरालाही नी-कॅप आणि चांगले बूट हवेसे वाटतात. क्रिकेटचं तर विचारूच नका. खेळायचं म्हणजे आधी काही तरी विकत घ्यायचं, असा हा काळ आहे. मग ते कुठून घ्यायचं, आणि ज्याच्याकडं आज पैसे नाहीत त्यानं काय करायचं, हे प्रश्न आलेच.

तालुक्याच्या गावातलं खेळाचं दुकान तुम्ही पाहिलं असेल. दहा बाय पंधराचा गाळा. छताला जाळीत कलिंगडं टांगावीत तसे फुटबॉल, व्हॉलीबॉल. एका कोपऱ्यात कॅरम बोर्ड, बोरिक पावडरचे डबे. रबराचा, कातड्याचा आणि जवसाच्या तेलाचा मिळून एक वास. या छोट्याशा गाळ्यात केवढा मुलूख सामावलेला असतो! बॅटचं लाकूड काश्मीरच्या अनंतनाग भागातल्या विलोचं. कातडी चेंडू मेरठचा, फुटबॉल जालंधरचा. ही दोन्ही गावं खेळाच्या सामानासाठी एवढी नावाजली, त्यात फाळणीचा मोठा वाटा आहे. हा धंदा मूळचा सियालकोटचा. १९४७ साली तिथले कारागीर आणि व्यापारी होतं नव्हतं ते सोडून जालंधरला आणि मेरठला आले आणि त्यांनी पुन्हा टाके घालायला सुरुवात केली. भारतातल्या कसोटी सामन्यांत ज्या एसजी कंपनीचा चेंडू वापरतात, तीही १९३१ साली सियालकोटातच सुरू झाली होती. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना पोरं एकाच हस्तकलेच्या चेंडूनं खेळतात, हे मला अनेक कवितांपेक्षा मोठं वाटतं.

आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांची या दुकानातली हजेरी रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी. चाचा-मामूंनी दिलेल्या ईदीच्या नोटा एकत्र करायच्या आणि सगळ्यांत मिळून एक बॅट घ्यायची. दिवाळीत तेच काम ओवाळणीच्या पैशांनी होई. पैसे कमी पडले तर दुकानदार विचारायचा, "कुणाचा रं तू?" बापाचं नाव सांगितलं की वही उघडायची.

ती वही हा माझ्या बोलण्याचा गाभा आहे. तिच्यातले शब्द पाहा. दुकान, हिशेब, जमा, बाकी, वसूल, जामीन हे अरबी-फारसीतून आले आणि मराठीचेच झाले. उधार हा इथल्याच मातीतला. सगळे एकाच पानावर नांदतात. आणि त्या पानावर पोराचं नाव येतं ते शाळेतल्या क्रीडाशिक्षकाच्या शब्दावर : "पोरगं विभागीयला निवडलं गेलंय, बूट दे, पैशाचं मी बघतो." खर्डेकर सरांनी घर गहाण टाकलं, हा तर मोठा माणूस. पण त्याच जातीचं धाकटं काम या वहीनं कितीदा केलंय, त्याची नोंद कुठल्या गॅझेटात नाही.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी लबाडी केली असं होईल.

पुण्यात डेकॅथलॉनचं दुकान मी पाहिलं. दुकान कसलं, गोदामाएवढं आवार! फ्रान्समधल्या लील शहराजवळ १९७६ साली ही साखळी सुरू झाली, २००९ साली ती भारतात आली. सुरुवातीला घाऊक व्यवहार होता, २०१३ साली परकीय गुंतवणुकीची परवानगी मिळाल्यावर किरकोळ विक्रीची वाट मोकळी झाली. बहुतेक माल त्यांच्या स्वतःच्याच नाममुद्रांचा. मला तिथं सगळ्यात आवडलं ते असं, की पोरं बूट घालून पळून बघत होती, चेंडू आपटून बघत होती आणि कुणी त्यांच्यावर खेकसत नव्हतं. आमच्याकडं "घ्यायचंय का नुसतं बघायचंय?" हा प्रश्न पोराचा हात बॅटला लागायच्या आत येतो. आणि मुलींचं काय? सातारा जिल्ह्यानं माणमधल्या मोही गावची ललिता बाबर दिली; २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ती तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. साताऱ्याचीच अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये तिरंदाजीत जगज्जेती झाली. सांगलीची स्मृती मानधना तर घराघरात पोचली. तरी आमच्या दुकानांत मुलीच्या मापाचे बूट मागितले की अजूनही पोरांचा लहान नंबर पुढं करतात. मोठ्या दुकानात त्यांच्यासाठी वेगळं दालन असतं. ते पाहून मुलगी संकोचत नाही, हे काही लहान काम नाही. रॅकेटचं गटिंग, सायकलची दुरुस्ती तिथंही करून मिळते. तेव्हा मोठं ते वाईट आणि धाकटं ते पवित्र, असलं मी काही म्हणणार नाही. धाकट्या दुकानांनी हलका माल भारी भावात गळ्यात मारल्याचेही दाखले आहेत.

पण पुणं इथून दीडशे किलोमीटरच्या पुढं. हायवेनं गाडी असलेला जातो. बाकीच्यांसाठी मोठं दुकान मोबाइलमधून घरात आलंय. एक दुकानदार मला म्हणाला, "सर, पोरगं येतं, चार बॅटी हातात घेतं, वजन बघतं, माझ्याकडनं समजून घेतं, फोटो काढतं आणि जातं. आठ दिवसांनी तीच बॅट ग्रिप बसवायला माझ्याकडंच घेऊन येतं." रागावून नाही, हसत सांगत होता. मी विचारलं, मग घर कशावर चालतं? त्यानं काचेच्या कपाटाकडं बोट दाखवलं. कप, शिल्ड, मोमेंटो! गणेश मंडळाच्या स्पर्धा, कॉलेजांची गॅदरिंग, वाढदिवसाच्या निमित्तानं भरवलेल्या टेनिसबॉल स्पर्धा. खेळाच्या दुकानाला खेळाडूपेक्षा बक्षीस देणारे पुढारी जास्त जगवतात, असा हा विनोद आहे. दुसरा आधार शाळांच्या खरेदीचा. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत क्रीडासाहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५ हजार, उच्च प्राथमिकला १० हजार आणि माध्यमिक शाळेला २५ हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद केली गेली. आकडा एकेका शाळेला छोटा, पण तालुक्यातल्या शाळा मोजा. हा पैसा गावातल्या दुकानात आला तर त्याचं वर्ष निघतं, आणि मग त्याच्या वहीत उधारीला जागा राहते. तो बाहेरच्या बाहेर गेला तर वही मिटते. हे सरळ गणित आहे. शाळेनं जादा दर द्यावा असं मी म्हणत नाही. पण फाटलेली जाळी, फुटलेला ब्लॅडर बदलून देणारा माणूस हाकेच्या अंतरावर आहे, याचीही काही किंमत धरावी की नाही?

अमेरिकेतली एक गोष्ट इथं सांगण्याजोगी आहे. सिएटल शहरात १९३८ साली लॉइड आणि मेरी अँडरसन या गिर्यारोहक जोडप्याला बर्फ फोडायची चांगली कुऱ्हाड परवडेना. त्यांनी ऑस्ट्रियातून ती थेट मागवायचं ठरवलं, आणखी वीसेक गिर्यारोहक गोळा केले आणि सहकारी संस्था काढली. तीच आरईआय. आज तिची दीडशेहून जास्त दुकानं आहेत. म्हणजे मोठ्यांना टाळून निघालेले स्वतःच मोठे झाले, ही गंमत आहेच. पण कल्पना कुणाची वाटते? आपलीच! कृष्णाकाठी साखर सहकारी, दूध सहकारी, बँका सहकारी. वारणेत तर बाजारही सहकारी. मग कराड, सातारा, सांगली, इस्लामपूरच्या खेळाच्या दुकानदारांनी एकत्र येऊन जालंधर-मेरठहून थेट माल का उचलू नये? एकट्यानं पाच डझन चेंडू घेणाऱ्याला एक भाव, चाळीस जणांनी मिळून घेतलेल्याला दुसरा, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. रोज पहाटे सदाशिवगड चढणारे आमचे कराडकर आहेत, साताऱ्याची हिल मॅरेथॉन २०१२ पासून आहे. या सगळ्यांना बूट लागतात, पाठपिशव्या लागतात, कपाळावर बांधायचे दिवे लागतात. गडाच्या पायथ्याशी ओगलेवाडीत एके काळी प्रभाकर कंदील तयार होत आणि दूरदूर जात. आता त्याच पायथ्याशी उजेड परमुलखातून पार्सलनं येतो.

दुकानदारांना मी हे सुचवलं तेव्हा एक जण म्हणाला, "आम्ही चौघं एका चहाच्या टेबलावर बसत नाही, सहकारी संस्था कुठली काढताय?" दुसरा मात्र गप्प राहिला आणि नंतर फोन करून वारणेच्या बाजाराची माहिती विचारू लागला.

परवा त्याच्याच दुकानात होतो. विद्यानगरच्या कॉलेजातली एक मुलगी घाईघाईनं आली. रॅकेटची तार तुटलेली, पाच वाजता सामना. त्यानं मशीनवरची धूळ फडक्यानं पुसली, तार ओवायला घेतली. ती मोबाइल काढून पैसे किती म्हणून विचारत होती आणि तो मान खाली घालूनच सांगत होता, "आधी खेळून ये. तार कशी बसलीय ते उद्या सांग, मग बघू."