गरिबाचा ठरलेला वाटा

जकात म्हणजे मुसलमानांचा दानधर्म, असे आपण सहज बोलून जातो. पण दान देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. जकात तशी चालत नाही. श्रीमंताच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क आहे, अशी कुराणाची भूमिका आहे. ती मान्य केली की देणारा उपकारकर्ता उरत नाही, दुसऱ्याचे देणे फेडणारा होतो. जकातीचे रुक्ष वाटणारे सारे नियम घेणाऱ्याची मान ताठ ठेवण्यासाठी आहेत, असे माझे प्रतिपादन आहे.

हे नियमच पाहा. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तेवढ्या किमतीची रोकड वा व्यापारी माल, ही मर्यादा म्हणजे निसाब. गरजा आणि कर्ज वजा जाता एवढी मालमत्ता असून चांद्रवर्ष उलटले, की अडीच टक्के द्यायचे. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, पण स्वतः पाणी देऊन पिकवले तर विसावा; जमिनीत सापडलेल्या पुरातन ठेव्याचा मात्र पाचवा. जिथे कष्ट आणि खर्च जास्त, तिथे दर कमी. कोणाला द्यायचे तेही देणाऱ्यावर सोडलेले नाही. कुराणाच्या नवव्या सूऱ्यातील साठाव्या आयतीत आठ वर्ग नेमले आहेत: त्यांत फकीर आणि मिस्कीन, म्हणजे गरीब आणि निराधार, आहेत, तसेच कर्जबाजारी, वाटसरू आणि वसुलीचे काम करणारेही आहेत. आईवडिलांना किंवा मुलांना जकात देता येत नाही, कारण त्यांना पोसणे हे मुळातच कर्तव्य आहे. गरजू भावाबहिणीला देता येते.

आक्षेप असा की, अडीच टक्के मोजून दिले की माणूस मोकळा झाला, मग करुणा कुठे राहिली? करुणेसाठी सदका, म्हणजे ऐच्छिक दान, आहेच, त्याला ना दर ना मर्यादा. परंतु करुणा लहरी असते. जो डोळ्यांसमोर येतो, नीट बोलतो, त्याला ती आधी मिळते, आणि लाजेने घरात बसलेला मागे राहतो. हिशेब त्याला विसरू देत नाही. इ.स. 632 मध्ये पैगंबरांच्या निधनानंतर काही टोळ्यांनी जकात नाकारली, तेव्हा पहिले खलिफा अबू बकर यांनी नमाज आणि जकात वेगळी मानायला नकार देत युद्ध पुकारले. देणे ऐच्छिक मानले असते तर त्या युद्धाला कारणच नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हनफी या सुन्नी विधिपरंपरेच्या मतानुसार जकात गरिबाच्या मालकीची व्हावी लागते, म्हणून त्या पैशातून मशीद किंवा पूल बांधता येत नाही. परिणामी रमजानमध्ये रक्कम चिल्लर वाटली जाते आणि दारिद्र्य तसेच राहते, असे टीकाकार म्हणतात. चिल्लर वाटणे चूकच. पण तो दोष वाटपाचा आहे, मालकीच्या अटीचा नाही. एका कुटुंबाला एकरकमी शिलाई यंत्र किंवा हातगाडी दिली तरी ही अट पाळली जाते. शिवाय पैसा गरिबाच्या हाती पडला की काय घ्यायचे ते तो ठरवतो. संस्थेच्या इमारतीत गेला की विश्वस्त ठरवतात.

मला खरी अडचण निसाबाच्या मोजमापात दिसते. चांदी सोन्याच्या मानाने फार स्वस्त झाली आहे. हनफी हिशेबात सोने आणि रोकड एकत्र धरून चांदीच्या निसाबाशी ताडतात. त्यामुळे दोन तोळ्यांचे दागिने आणि थोडी शिल्लक असलेली विधवा देणाऱ्यांत मोजली जाते आणि घेण्याचा हक्क गमावते. कोकणातल्या, शाफई ही दुसरी विधिपरंपरा मानणाऱ्या मुसलमानांकडे मात्र रोजच्या वापरातल्या दागिन्यांवर, प्रचलित मतानुसार, जकात नाही. शेजारच्या दोन गावांत एकाच बांगडीचा हिशेब असा वेगळा होतो. चांदीचा निसाब ठेवला तर देणारे वाढतात, हा उलेमांचा युक्तिवाद वजनदार आहे. पण देणाऱ्यांच्या रांगेत गरीबच उभा राहत असेल, तर त्या मोजमापाचा फेरविचार शास्त्राच्या चौकटीतच झाला पाहिजे. सरकारी सक्ती हा त्यावरचा उपाय नव्हे. पाकिस्तानात 1980 च्या अध्यादेशाने रमजानच्या आरंभी बचत खात्यांतून जकात कापली जाऊ लागली. शियांनी इस्लामाबादेत निदर्शने करून सूट मिळवली, आणि अनेक खातेदार कपातीच्या आधी पैसे काढून घेऊ लागले.