नरवाईचे अडीच महिने



नरवाई, म्हणजे कापणीनंतर शेतात उरणारे गव्हाचे काड, जाळणाऱ्यांबद्दल या परिषदेत सकाळपासून बरेच बोलले गेले. दंडाचा विषय निघाला, प्रबोधनाचाही. मी थोडी त्यांची बाजू घेणार आहे.

माळव्यात गहू मार्च-एप्रिलमध्ये निघतो. सोयाबीनची पेरणी जूनच्या उत्तरार्धात, शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला की. मधले अडीच महिने मोकळे दिसतात खरे, पण काळी जमीन तेव्हा भेगाळून पडलेली असते, आणि ओल नाही तिथे काड कुजत नाही. एप्रिलमध्ये रोटाव्हेटर फिरवून मातीत मिसळलेले काड जूनमध्ये पेरणीयंत्राच्या फणांत गोळा होते. वापशाचे दिवस मोजके, वाण नव्वद दिवसांच्या आतबाहेरचे, आणि मागे रब्बी उभीच. अशा वेळी काडेपेटी हाती येते. त्या आगीत काडातले जवळजवळ सगळे नत्र उडून जाते, हे शेतकऱ्याला ठाऊक नसते असे मला वाटत नाही. त्याची अडचण वेळेची आहे.

काडाचे करायचे काय, हा प्रश्न इंदूरला नवा नाही. १९२४ मध्ये येथे वनस्पती उद्योग संस्था सुरू झाली आणि अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक झाले. यशवंत वाड यांच्यासह त्यांनी १९३१ मध्ये शेतातल्या टाकाऊ पदार्थांवर पुस्तक लिहिले, आणि आपल्या गावाचे नाव कंपोस्टच्या पद्धतीला जगभर चिकटले. कपाशीच्या नि तुरीच्या कडक पळकाट्या ते रस्त्यावर पसरत. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्या चुरडल्या जात. मग गोठ्यात जनावरांखाली अंथरूण, मग शेण, गोमूत्र मुरलेली माती, राख, पाणी आणि वरखाली करणे. तीन महिन्यांत खत तयार! काडात कर्ब फार, नत्र थोडे. कुजवायचे तर नत्र आणि ओल बाहेरून द्यावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

पण आज तो गोठा कुठे आहे? बैल गेले, मजूर मिळत नाही, आणि चाळीस बिघ्यांचे काड खड्ड्यापर्यंत वाहून न्या असे सांगणारा माणूस शेतकऱ्याच्या नजरेतून उतरतो. मला वाटते, भुशाची गरज भागल्यावर उरलेले काड जमिनीवरच राहू द्यावे आणि त्यातूनच पेरावे. सोयाबीनला हे इतर पिकांपेक्षा सोपे जाते. काड कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र ओढून घेतात, तो ताण रोप लहान असताना जाणवतो. मुळांवरच्या गाठी कामाला लागल्या की पीक आपले नत्र आपणच मिळवते. नत्राची सुरुवातीची मात्रा मात्र चुकवू नका.

खरा घोळ काड किती आहे यात नाही, ते कसे पडते यात आहे. हार्वेस्टर मागे जाड पट्टा टाकत जातो. त्या पट्ट्यात बी मातीला टेकत नाही आणि शेतात रांगेने खाडे पडतात. काड बारीक करून सारखे पसरणारे जोड-यंत्र हार्वेस्टरला बसवता येते. पण हार्वेस्टरचे भाडे एकरावर ठरते, त्यामुळे चालकाला घाई, आणि जोड-यंत्राने डिझेल जास्त लागते. ते पैसे कोण देणार, यावर आज एकही निबंध वाचला गेला नाही. यातली कितीतरी यंत्रे दर मार्चमध्ये पंजाबातून येतात. पुढच्या परिषदेला त्यांचे मालक बोलवावेत, आणि तीही फेब्रुवारीत भरवावी, भाडे ठरण्याआधी.