गाडी केव्हा बदलावी?

लांज्याच्या बाजारपेठेत चहाच्या दुकानाशी उभे राहावे आणि चार गाडीवाल्यांना विचारावे, "काय हो, गाडी किती वर्षं वापरावी?" चार उत्तरे मिळतील. एक म्हणेल, "पाच वर्षं झाली की काढून टाकावी, तेवढ्यात चार पैसे हाती येतात." दुसरा म्हणेल, "चालतेय तोवर चालवायची, बंद पडली की बघू." तिसऱ्याची गाडी शेजाऱ्याच्या दारात नवी गाडी आली त्याच दिवशी जुनी होते. आणि चौथा मेस्त्री सांगेल त्यावर चालतो. या चारही जणांत एक गोष्ट सारखी आहे. हिशेबाची वही कोणाकडेच नाही.

घर आणि लग्नकार्य सोडले तर पगारदार माणसाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी म्हणजे मोटार. ती घेताना आपण महिनाभर दहा जणांना विचारतो. पण ती बदलायची केव्हा, हे मात्र एखाद्या दिवशी रागाच्या भरात किंवा हौसेच्या भरात ठरवून टाकतो. लवकर बदलली तर मुलांच्या शिक्षणाचे पैसे हप्त्यात जातात. फार उशिरा बदलली तर एखाद्या पावसाळी रात्री घाटात ब्रेक दगा देतो. म्हणून या प्रश्नाकडे आज जरा शांतपणे पाहू या.

"चालतेय तोवर चालवायची" ही आपली जुनी सवय आळसातून आलेली नाही, तिला इतिहास आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाट मोटारी तयार होऊ लागल्या. हीच मोटार पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. तो काळ परवान्यांचा होता. मोटारीसाठी नाव नोंदवले की ती हाती पडायला वर्षामागून वर्षे जात. एवढी वाट पाहून दारात आलेली मोटार कोण बदलणार? ती वडिलांकडून मुलाकडे जायची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि आता पैसे टाकले की गाडी मिळते. तेव्हा बदलावी की नाही हा प्रश्नच नव्हता. आता तो आपल्यापुढे आहे, आणि त्याचे उत्तर आपल्यालाच द्यायचे आहे.

काही ठिकाणी हे उत्तर कायदा देतो. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षे भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळीपिवळी ओळखीची गाडी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. मालकाला वाटो न वाटो, दिवस ठरलेला होता. तुमच्याआमच्या घरच्या मोटारीला असा ठरलेला दिवस नाही. तो आपण शोधायचा.

कसा शोधायचा? गाडी बाळगण्याचे तीन खर्च असतात. पहिला घसारा, म्हणजे गाडीची उतरत जाणारी किंमत. दुसरा दुरुस्ती. आणि तिसरा खोळंबा, म्हणजे गाडी बंद पडल्यामुळे बुडालेले काम. यांपैकी दुसराच आपल्याला दिसतो, कारण तेवढ्याचेच पैसे मेस्त्री हातात मागतो. घसारा कोणी मागायला येत नाही, म्हणून तो नाहीच असे आपण समजतो. पण नव्या गाडीत सर्वांत मोठा खर्च तोच. मोटारविम्यात गाडीची किंमत धरण्याचे जे रूढ कोष्टक आहे ते पाहा. गाडी सहा महिन्यांची झाली की वर्षाची होईपर्यंत पंधरा टक्के वजा, चौथे वर्ष ओलांडले की पन्नास टक्के वजा. बाजारातली किंमत थोडी इकडेतिकडे होईल, पण पाच वर्षांत निम्मी किंमत उडाली हे साधारण धरून चालावे.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पनेतले आहेत. हाताशी पेन्सिल असेल तर लिहून घ्या. समजा, भांबेडच्या एका गुरुजींनी सहा लाखांची मोटार घेतली. पेट्रोल कोणत्याही गाडीला लागणारच, म्हणून ते बाजूला ठेवू.

पहिल्या पाच वर्षांत गाडीची किंमत तीन लाखांनी उतरली. देखभाल-दुरुस्तीला वर्षाला १२,००० प्रमाणे ६०,००० लागले. एकूण ३,६०,०००. म्हणजे वर्षाला ७२,००० रुपये पडले.

गुरुजींनी गाडी विकली नाही, आणखी पाच वर्षे ठेवली. आता किंमत तीन लाखांवरून दीड लाखावर आली, म्हणजे दीडच लाख उतरली. दुरुस्ती मात्र दुपटीवर गेली, वर्षाला २५,०००, पाच वर्षांचे सव्वा लाख. या पाच वर्षांचा खर्च झाला पावणेतीन लाख, म्हणजे वर्षाला ५५,०००. दुरुस्ती दुप्पट होऊनही गाडी स्वस्त पडली! दहा वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला ६३,५०० येते.

आता तिसरी पाच वर्षे. गाडीची किंमत दीड लाखावरून पन्नास हजारांवर आली, उतरली एक लाख. पण दुरुस्ती वर्षाला ५०,००० झाली, पाच वर्षांचे अडीच लाख. एकूण साडेतीन लाख, म्हणजे वर्षाला ७०,०००. गाडी पुन्हा महाग पडू लागली.

या उदाहरणातून एक नियम निघतो, आणि आजच्या भाषणातले एवढे एक लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले. येत्या वर्षी ही गाडी ठेवायला किती पडेल, ते काढा. तिच्या जागी दुसरी गाडी आणून ती चांगली वापरली तर वर्षाला सरासरी किती पडेल, तेही काढा. पहिला आकडा कमी आहे तोवर गाडी ठेवा. तो दुसऱ्याच्या वर गेला आणि आता वरच राहणार असे दिसले, की बदला. गुरुजींच्या बाबतीत ५५,००० हे ६३,५०० पेक्षा कमी, म्हणून दुसरी पाच वर्षे गाडी ठेवणे शहाणपणाचे होते. ७०,००० हे जास्त, म्हणून दहाव्या वर्षानंतर त्यांनी डोळे उघडे ठेवायला हवेत. कर्ज काढून नवी घेणार असाल तर व्याजही नव्या गाडीच्या नावावर मांडा. मग जुनी आणखी दोन वर्षे ठेवणे परवडते, असे पुष्कळदा दिसेल.

इथे दोन फसव्या वाटा आहेत. एकदम चाळीस हजारांचे काम निघाले की माणूस घाबरतो आणि गाडी फुंकून टाकतो. पण ते काम पुढे चार वर्षे पुरणार असेल तर तो खर्च वर्षाला दहा हजारांचा आहे. दुसरी वाट याच्या उलट. "गेल्या वर्षीच तीस हजार घातले, आता कशी विकू?" असे आपण म्हणतो. श्रोतेहो, ते तीस हजार गेले. गाडी ठेवली तरी ते परत येत नाहीत, विकली तरी येत नाहीत. हिशेब नेहमी आजपासून पुढचा करायचा.

हा विचार पुस्तकी आहे असे कोणी म्हणेल, म्हणून एक खरी हकीकत सांगतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन नावाचे शहर आहे. तिथल्या शहर बससेवेत हॅरॉल्ड झर्चर नावाचे गृहस्थ देखभालीचे प्रमुख होते. कोणत्या बसचे इंजिन केव्हा बदलायचे, हे ते ठरवीत. जॉन रस्ट या अर्थशास्त्रज्ञाने त्यांच्या १६२ बसगाड्यांच्या सुमारे दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि १९८७ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. तो आज अर्थशास्त्राचे विद्यार्थी जगभर वाचतात. त्यात असे दिसून आले की झर्चर यांचे निर्णय मोठ्या गणितातून निघणाऱ्या उत्तराशी जुळत होते. आजचा खर्च एका पारड्यात, उद्याची कटकट दुसऱ्या पारड्यात. रस्त्यात बस बंद पडली तर उतारूंचा जो विश्वास उडतो, तोही निबंधात खर्च म्हणूनच धरलेला आहे. आणि गंमत अशी की या अर्थशास्त्रज्ञांच्या आडनावाचा, रस्ट या शब्दाचा, मराठीत अर्थ होतो गंज!

गंज म्हटला की आपण लगेच कोकणात येतो. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने हवा ओली, रस्त्यावर तांबडा चिखल. तो गाडीच्या पोटाला चिकटतो आणि आतून पत्रा खातो. म्हणून घाटावरच्या पाहुण्याने "आमची गाडी पंधरा वर्षं चालली" असे सांगितले तरी तो हिशेब आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. आपल्याकडे पुष्कळदा इंजिन धडधाकट असते आणि खालचा पत्रा सुटलेला असतो.

आपल्या घराचे पाहा. पावसाळ्यापूर्वी आपण छप्पर शाकारतो. कौल फुटले तर कौल बदलतो, वासा किडला तर वासा बदलतो. तेवढ्यासाठी कोणी घर पाडत नाही. पण आढेच पोखरले असेल, तर नवी कौले चढवून काय उपयोग? मोटारीचे तसेच आहे. टायर, बॅटरी, क्लचप्लेट, ब्रेकचे लायनर ही कौले आणि वासे. ती झिजणारच, ती बदलावीत आणि गाडी चालवावी. पण आजच्या बहुतेक मोटारींना ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. पत्र्याचा सांगाडा हेच तिचे आढे. ते गंजाने पोकळ झाले तर वरचा रंग कितीही चकचकीत असो, गाडीचे आयुष्य संपले.

आपली एस्. टी. हाच फरक ओळखून चालत आली आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते नगर अशी तिची पहिली गाडी धावली. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे तिच्या मोठ्या कार्यशाळा आहेत. तिथे चेसिस शाबूत असलेल्या जुन्या गाड्यांवर नवी बॉडी चढवली गेली आहे. खालचे आढे मजबूत, म्हणून वरचे छप्पर नवे.

तेव्हा दरवर्षी पाऊस सरला, दसरा झाला, की गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहावी. दरवाजांखालच्या पट्ट्या, शॉकअ‍ॅब्सॉर्बर जिथे बसतो ती जागा आणि ब्रेकच्या नळ्या, एवढे तरी पाहावेच. पान्याने हलके ठोकावे. खणखणीत आवाज आला तर ठीक. भुसा पडावा तसे पापुद्रे सुटले तर समजावे की वाळवी लागली. पावसाळ्यात अधूनमधून खालचा चिखल पाण्याने धुऊन काढणे आणि गाडी ओल्या मातीवर न ठेवता चिऱ्याच्या फरशीवर, मोकळ्या हवेत ठेवणे, एवढ्यानेही दोनतीन वर्षे वाढतात.

ज्यांची गाडी पोटापाण्याची आहे त्यांच्यासाठी एक शब्द. शाळेत जाण्यायेण्याची मोटार एक दिवस बंद पडली तर गुरुजी एस्. टी. ने जातील. पण एप्रिल-मे महिन्यांत वाशीच्या बाजाराकडे निघालेला आंब्याचा टेम्पो रस्त्यात बंद पडला, तर पेट्यांतला माल पिकत राहतो, तो थांबत नाही. तिथे दुरुस्तीपेक्षा खोळंबा मोठा. म्हणून धंद्याची गाडी घरच्या गाडीपेक्षा आधी बदलावी लागते, आणि तिच्या वहीत खोळंब्याचे दिवस व बुडालेले भाडे यांचा रकाना असलाच पाहिजे.

आता कायद्याविषयी थोडे, कारण यात गैरसमज फार. "पंधरा वर्षं झाली, गाडी आता भंगारात घालावी लागणार," असे पुष्कळ जण धरून चालतात. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओकडे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. दहा आणि पंधरा वर्षांच्या बंदीची जी चर्चा ऐकू येते, तिचा उगम २०१४ व २०१५ साली दिल्ली परिसरासाठी झालेल्या आदेशांत आहे. ते आदेश लांज्यासाठी नव्हते. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी रद्द झाली ती सरकारी आणि एस्. टी. सारख्या सार्वजनिक संस्थांच्या गाड्यांची. मात्र जुनी गाडी ठेवण्याची किंमत वाढली आहे. मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ६०० रुपये होते, ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. २०२५ साली वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते १०,००० करण्यात आले. शिवाय पर्यावरण कर आहेच. हेही आकडे वहीत घाला.

शेवटी एक गोष्ट अशी, की जी रुपयांत मांडता येत नाही. २०१९ सालापासून नव्या मोटारींत चालकापुढची हवेची पिशवी आणि जोराने ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्याआधीच्या पुष्कळ साध्या मोटारींत ती नाही. आठवड्यातून दोनदा बाजाराला जाणाऱ्याला याचे फार वाटणार नाही. पण जो रोज महामार्गावरून जातो, मुलाबाळांना घेऊन आंबा घाट किंवा अणुस्कुरा उतरतो, त्याने जुनी गाडी स्वस्त पडत असली तरी दोनचार वर्षे आधी बदलली, तर तो उधळेपणा म्हणू नये.

शिक्षक श्रोत्यांना एक सुचवावेसे वाटते. आठवी-नववीच्या मुलांना सरासरीचे गणित शिकवताना गावातल्या एखाद्या रिक्षाचा किंवा टेम्पोचा वर्षभराचा खर्च, मालकाला विचारून, मुलांनाच मांडू द्या. सरासरी म्हणजे काय ते त्यांना कळेल, आणि रिक्षावाल्यालाही आपली गाडी कुठे उभी आहे ते कळेल.

बाकी काही लागत नाही. एक शंभर पानी वही घ्यावी. तारीख, किलोमीटर, काम काय केले, पैसे किती गेले, गाडी किती दिवस बंद राहिली, एवढे पाच रकाने पाडावेत. दिवाळीला बेरीज करावी आणि गाडीची आज काय किंमत येईल, ते चौकशी करून शेवटी लिहावे. तीन दिवाळ्या अशा गेल्या, की गाडी ठेवावी की बदलावी, हे चहाच्या दुकानावर विचारायची गरज उरणार नाही.