लाव्हा लॅम्प पुन्हा भरताना: गढूळ पाणी आणि न हलणारं मेण

आज लाव्हा लॅम्प. काचेची उंच बाटली, खाली बल्ब, आत रंगीत पाण्यात मेणाचे गोळे सावकाश वर जातात, खाली येतात. आपल्याकडे हे दिवे बहुतेक घरात बॅगेतून आलेले असतात, कुणीतरी परदेशातून आणलेले. त्यामुळे बिघडला की दुरुस्तीला न्यायचा कुठे, हा प्रश्न. पिरंगुटच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात नेलात तर बल्ब बदलून देतील, बाटलीला हात लावणार नाहीत. बरोबरच आहे त्यांचं.

पौडजवळच्या एका ताईंचा फोन आला होता. त्यांचे सासरे दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत, संध्याकाळी हा दिवा लावला की तासन्‌तास शांत बघत पडतात. पाणी जुनं वाटलं म्हणून घरात कुणीतरी ओतून दिलं, बोअरचं पाणी भरलं, वर भांडी घासायचं लिक्विड चांगलं दोन चमचे. दिवा ताकासारखा पांढरा झाला. आजोबा रोज विचारतात, दिवा का नाही लावत?

मी पहिलं विचारलं, "मेण टाकून दिलंत का हो?"

"नाही दादा, ते तळाशी घट्ट बसलंय. निघालंच नाही."

म्हटलं, मग दिवा वाचला.

असं का म्हणालो ते सांगतो, कारण सगळी मेख इथे आहे. साधं मेणबत्तीचं मेण पाण्यापेक्षा हलकं असतं. पाण्याची घनता 1 धरली तर मेणाची 0.9 च्या आसपास. ते पाण्यावर तरंगणार, बुडणारच नाही. दिव्यातलं मेण मात्र मुद्दाम जड केलेलं असतं, इतकं की थंड असताना पाण्यापेक्षा किंचित जड, तापल्यावर किंचित हलकं. मेण तापलं की पाण्याच्या मानाने कितीतरी जास्त फुगतं, म्हणून वर जातं. वर गार होतं, आकसतं, खाली येतं. तळाशी तारेचं एक वेटोळं असतं, त्यावर आलेले गोळे फुटून पुन्हा एक होतात.

आता हे मेण जड कशाने करतात? सुरुवातीच्या दिव्यांत कार्बन टेट्राक्लोराइड वापरायचे. एडवर्ड क्रेव्हन वॉकर नावाच्या इंग्रज माणसाने एका पबमध्ये अंडं उकडायची वेळ मोजणारं असलंच एक उपकरण पाहिलं, त्यावरून हा दिवा बनवला आणि 1963 साली इंग्लंडमधल्या पूल गावी कारखाना काढला. तेव्हा या रसायनाची फारशी फिकीर नव्हती. ते यकृताला घातक आहे. नंतर काही जण ड्रायक्लीनिंगचं पर्क्लोरोइथिलिन सुचवू लागले, तेही कर्करोगाच्या संशयाच्या यादीत आहे. म्हणून माझं मत सरळ आहे: मूळ मेण शाबूत असेल तर दिवा दुरुस्त करा. मेण गेलं असेल तर बाटली शोपीस म्हणून ठेवा. बाजारातून मेणबत्त्या आणून, त्यात काहीबाही मिसळून घरात प्रयोग करू नका. आजारी माणसाच्या खोलीत तर नकोच नको.

ताईंच्या दिव्यात गढूळपणा कशाने आला? आपलं मुळशी म्हणजे काळा पाषाण, बेसॉल्ट. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. बादलीत साबणाला फेस येत नाही, पांढरी साय येते, बघितलंय ना? तेच बाटलीत झालं. शिवाय साबण जास्त झाला की मेणाचे बारीक कण पाण्यात सुटून राहतात, दुधात साय असते तसे. ते आपोआप खाली बसत नाहीत. दिवा गरम असताना हलवला किंवा गाडीत घालून घाटातून आणला तरी असाच पांढरा होतो, पण त्या गढूळपणाला आधी वेळ द्या. तीन-चार दिवस रोज तीन-चार तास लावायचा आणि पूर्ण थंड होऊ द्यायचा. पुष्कळदा निवळतो. नाहीच निवळला तर मग पाणी बदलायचं.

पाणी बदलताना दिवा रात्रभर थंड झालेला हवा, मेण दगडासारखं घट्ट. गरम असताना ओतलं तर मेण बाहेर येईल आणि मग मी काही करू शकत नाही. बऱ्याच बाटल्यांना सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं बूच असतं, ते चारही बाजूंनी थोडं थोडं उचलून काढायचं. पाणी एका भांड्यात ओता, सुती फडक्यातून, म्हणजे तरंगणारे मेणाचे कण हाती लागतील. ते परत बाटलीत टाकायचे. तारेचं वेटोळं ओढू नका, मेणात अडकलं असेल तर तसंच राहू दे. मग साध्या तापमानाच्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा हलकेच विसळा. गरम पाण्याने मेण सुटतं.

डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात कॅनमध्ये मिळतं. पण तिथेच बॅटरीचं ॲसिडही तसल्याच कॅनमध्ये असतं, तेव्हा लेबल वाचूनच घ्या, "बॅटरीचं पाणी द्या" एवढंच बोलून येऊ नका. आरओचं पाणी बोअरपेक्षा बरं, तरी थोडे क्षार राहतातच. पावसाचं पाणी मऊ असतं, आणि ताम्हिणीच्या अलीकडे राहणाऱ्यांना त्याची काय कमी! पण कौलांवरून आलेल्या पाण्यात शेवाळ येतं, म्हणून ते नको.

भरताना काठोकाठ भरायचं नाही. वीस अंशांचं पाणी साठ अंशांवर गेलं की साधारण दीड टक्का फुगतं, म्हणजे लिटरला पंधरा मिली. वर तीन-चार बोटं हवा ठेवा. आणि दिवा तापायचा त्याच्याच बल्बवर, गॅसवर कधीच नाही. 2004 साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या केंट गावी एका तरुणाने दिवा शेगडीवर तापवला, बाटली फुटून काच छातीत घुसली आणि तो गेला.

आता नुसतं पाणी भरून दिवा लावला की दोनपैकी एक होतं, मेण काचेला चिकटतं किंवा तळाशी मोठा गोळा होऊन बसून राहतं. चिकटत असेल तर साबण हवा, पण किती? बिनरंगाच्या पातळ डिशवॉशचे एक-दोन थेंब. दोन चमचे नव्हेत! गोळ्यांऐवजी बारीक मणी व्हायला लागले की समजा साबण जास्त झाला. थोडं पाणी काढून नवीन डिस्टिल्ड घाला.

मेण वर येतच नसेल तर आधी उष्णता तपासा. मिठाकडे वळायची घाई बहुतेक सगळे करतात. एलईडी बल्ब लावलाय का? तो उजेड देतो, या कामाला पुरेल एवढी ऊब देत नाही. जुन्या पद्धतीचा तारेचाच बल्ब लागतो, दिव्यावर लिहिलंय तेवढ्याच वॅटचा. अमेरिकेहून आलेला बल्ब 120 व्होल्टचा असतो, आपल्या 230 वर तो टिकत नाही. तिथल्या होल्डरच्या आट्यांचं मापही जुळेलच असं नाही, होल्डर बदलावा लागला तर वायरमनकडूनच बदला. आणि व्होल्टेज! पावसाळ्यात आपल्याकडे 190 वर आलं की 40 वॅटचा बल्ब 30 च्या आसपास काम करतो. वर जुलैमधली गार, दमट खोली. मग मेण कसं हलणार? मुळशी धरणाचं पाणी शंभर वर्षं घाट उतरून भिऱ्याला वीज करतंय, आणि धरणाकाठी आपण व्होल्टेज मोजतोय, असो. दिवा दोन-तीन तास चालू द्या, सुरुवातीला मेणाचे सुळके उभे राहतात, ते साहजिक आहे. मेण पूर्ण वितळूनही तळालाच असेल, तरच घनतेचा विचार.

घनता वाढवायला मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एप्सम सॉल्ट. कृषी सेवा केंद्रात खत म्हणून मिळतं, पण ते मळकट असू शकतं, मेडिकलमधलं घ्या. स्वयंपाकाचं मीठ नको, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात आणि तार गंजते. कोमट डिस्टिल्ड पाण्यात विरघळेल तितकं विरघळवा, गाळा, आणि दिवा तापलेला असताना सुई काढलेल्या सिरिंजने वरून पाच मिली सोडा. कोरडे खडे टाकू नका, ते मेणात रुततात. मग अर्धा तास हात बांधून बसायचं. खारट पाणी आधी तळाशी जातं, मिसळायला वेळ लागतो. न थांबता दुसरे पाच, तिसरे पाच घातले की एकदम सगळं मेण वर जाऊन बसतं, आणि तिथून परत यायला पाणी काढून साधं डिस्टिल्ड घालत बसावं लागतं.

मेण वर गेलं आणि येईचना, तरी लगेच पाणी बदलू नका. मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, दिवा सात-आठ तास चालू असेल तर पाणी वरपर्यंत तापतं आणि मेणाला गार व्हायला जागाच उरत नाही. बंद करा, थंड होऊ द्या. एक डिमर बसवला की उन्हाळ्याचा प्रश्न मिटतो.

ताईंच्या दिव्याला सिरिंज तीन वेळा लागली, म्हणजे पंधरा मिली. तिसऱ्यानंतर पाऊण तासाने पहिला गोळा सुटला. पाणी अजून किंचित धुरकट आहे, तरी आजोबांची तक्रार नाही असं त्या म्हणाल्या.

काढलेलं जुनं पाणी मात्र ओढ्यात ओतू नका. काही दिव्यांत ग्लायकॉल असतं, चवीला गोड, गुरं आणि कुत्री पितात. आपले ओढे मुळेलाच मिळतात. झाकणाच्या बाटलीत भरून, चिठ्ठी लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि घातक कचरा वेगळा घेणाऱ्याकडेच द्या.

पुढच्या भागात होल्डर आणि डिमर जोडताना कोणती वायर कुठे जाते, ते सावकाश बघू.